दाजींचा नंबर

भोसरी,
ता. १० जानेवारी २०२२

ती. अक्कास,
नंदूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही. मी इकडून बोंबलतो, गॅरेजमधली माणसं काम सोडून बघायला येतात, आणि तू तिकडून निवांतपणे भलतंच सांगतेस. परवा साखर किती आली विचारलं, तर म्हणालीस, अर्धा किलो आहे अजून. जयमाला हसून हसून खाली बसली. तर आपलं जुनं पत्रच बरं. तुला वाचता येतं आणि मला ओरडावं लागत नाही.

धंद्याचं म्हणशील तर असले दिवस मी पाहिले नव्हते. नव्या गाड्यांना चिप मिळेना. नखाएवढी वस्तू, पण तिच्यावाचून गाडी म्हणजे डोकं नसलेला गडी. शोरूममध्ये गाडीच नाही, नुसते फुगे आणि गोड बोलणं. दहा-दहा महिने नंबर लावून लोक कंटाळतात आणि माझ्याकडं जुनी गाडी बघायला येतात. तीन वर्षं वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग जाते आणि घेणारा वर मलाच पेढे देतो. इंजिनं धुवायला भोसरीत आलेला तुझा भाऊ आता साहेब लोकांना म्हणतो, बसा, तुमच्यासाठी काहीतरी बघू.

त्यातच एक नवं काम मिळालंय. चाकणच्या पुढं कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याचं माळरान आहे. चिपेवाचून अर्धवट राहिलेल्या गाड्या एका कंपनीनं तिथं आणून उभ्या केल्यात, नऊशेच्या वर. त्या सुरू होत नाहीत. एका जागी उभ्या राहिल्या तर टायर चेपतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी ढकलून चाकाचा पाव फेरा पुढं घ्यायची. माझी सहा माणसं तेवढंच करतात. काल दुपारी मी रांगांमधून एकटा हिंडत होतो. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. लग्नाच्या मांडवात माणसं दाटून बसलेली असावीत आणि कुणीच बोलू नये, तसं वाटलं बघ. मी उगाच खाकरलो. आवाज परत आला नाही.

आता मुख्य मुद्दा. दाजींना जाऊन पाच महिने होत आले. त्यांनी नंबर लावलेली गाडी आता कुणासाठी आणायची? बुकिंग रद्द कर, घराला कुलूप लाव आणि रावेतला आमच्याकडं ये. दिवाळीत अंगणात पडलीस, दोन तास कुणाला पत्ता नाही. हाक मारली तरी तुलाच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की हिला एकटीला ठेवू नका. खोली तयार आहे, खिडकीतून झाडही दिसतं.

राग मानू नये, लोभ ठेवावा.

तुझा,
नंदकिशोर

*

भूम,
ता. १९ जानेवारी २०२२

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आधी भांडण, मग क्षेमकुशल. तीस वर्षं पत्राच्या माथ्यावर ती. सौ. अक्का लिहीत आलास, या खेपेला सौ. कुठं सांडला? ही तुझी अक्कल की जयमालाची?

बुकिंग रद्द होणार नाही. तू विसरलास, मी नाही. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. मला सांभाळू म्हणून झालं, यांच्या शाळेला पुस्तकं देऊ म्हणून झालं, दारातला आंबा तोडणार नाही म्हणूनही झालं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात तू उठलास आणि मोठ्यानं म्हणालास की दाजी, तुम्ही नंबर लावलेली पांढरी गाडी मी आणून तुमच्या दारात उभी करीन. तुझं तोंड मिटायच्या आत कावळा उतरला. सगळ्या गावानं पाहिलं. अरे, सगळा जन्म गाड्यांत घालवलेला माणूस तू, गाडी कधी मिळणार हे विचारल्याशिवाय मेलेल्या माणसाला शब्द देतोस? आता ती दारात उभी राहिल्याशिवाय मी हे घर बंद करणार नाही.

यांचा मोबाइल मी रोज चार्ज करते. शोरूमचे मेसेज येतात. दिवाळीत आला होता, आदरणीय दत्तोबाजी, आपला प्रतीक्षा क्रमांक ६३. आता ४१ आहे. ज्याचा नंबर पुढं सरकतोय तो माणूस नाही, असं मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? गल्लीतल्या बाया वर्षश्राद्धाचं आतापासून विचारतात. मी म्हणते, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पिंड द्यायचा असतो का?

परवा आणखी एक आला. आज आमच्या शोरूमला भेट दिल्याबद्दल धन्यवाद, आपल्याशी बोलून आनंद वाटला. तू गेला असशील. पुन्हा जाशील तेव्हा रंगाचं नीट सांग, यांना पिवळट पांढरा आवडत नाही.

इकडे थंडी फार आहे. कानटोपी घालत जा, तुझे कान तरी शाबूत राहू देत.

तुझी,
अक्का

*

भोसरी,
ता. ७ फेब्रुवारी २०२२

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

घे, सौ. जागेवर लावला.

अक्का, मी शोरूमला गेलोच नव्हतो. तुझं पत्र वाचून काल पहिल्यांदा गेलो. तिथं मैत्री नावाची मुलगी काउंटरवर बसते, मोठी हुशार. तिला मेसेजचं विचारलं, तर म्हणाली की आलेल्या माणसाचा नंबर तिथं नोंदवला की मेसेज आपोआप जातो. म्हणजे कुणीतरी आलं होतं. कोण आलं होतं ते तिनं लगेच सांगितलं. ते सर होय, ते येतात की अधूनमधून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर. बसा म्हटलं तरी बसत नाहीत, पाणी घेत नाहीत, हात पाठीमागं बांधून उभे राहतात आणि नंबर कुठवर आला एवढंच विचारतात.

मी तिला म्हटलं की ते सर ऑगस्टात वारले. पोरीचा चेहरा उतरला. मग स्वतःला सावरून म्हणाली, आमच्याकडं असे चाळीस सर रोज येतात, माझाच घोटाळा झाला असेल. जुन्या गाड्या विकून माझी हयात गेली. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला दाराबाहेरून ओळखू येतो. ती खोटं बोलत नव्हती, ना आधी, ना नंतर. तरी मी म्हणतो, दुसरा कुणी गिऱ्हाईक असेल. तू डोक्यात काही घेऊ नको.

आणि मी यावर तोडगा काढलाय. तीच गाडी, तोच रंग, दोन वर्षं वापरलेली, माझ्याकडं कालच आलीय. गुरुवारी आपला ड्रायव्हर कुलदीप घेऊन येईल. दारात उभी कर, हळदकुंकू लाव, नारळ फोड, आणि त्याच गाडीत बसून रावेतला ये. गाडी उभी करण्याचा शब्द होता, तो पुरा झाला. कावळा काही कागदपत्रं तपासत नाही.

मुलाबाळांचे नमस्कार. कळावे, आणि या खेपेला ऐकावे.

तुझा,
नंदू

*

भूम,
ता. १५ फेब्रुवारी २०२२

चि. नंदूस,
आशीर्वाद.

कुलदीप आला, पोटभर जेवला, पोरगं गुणाचं आहे. गाडी तू घासूनपुसून आरशासारखी केली होतीस. मी आरतीचं ताट घेऊन बाहेर गेले. पण आत बसून पाहिलं तर सीटला दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीचा आकार. सीटच्या फटीत लहान मुलीची केसांची पिन. ही दुसऱ्यांच्या घरची गाडी रे. त्यांची सहल झालीय तिच्यात, भांडणं झालीत, कुणाचं तरी लेकरू झोपलंय. ताट तसंच घरात नेलं आणि गाडी परत पाठवली. गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाहीस म्हणून सांगतोस, आणि दाजींना फसवायला निघालास?

कुलदीप कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच यांच्या मोबाइलवर मेसेज आला. तसाच उतरवून पाठवते. आदरणीय दत्तोबाजी, आपला क्रमांक आता १७ आहे, कृपया दुसऱ्या गाडीचा विचार करू नका.

सकाळपर्यंत ४१ होता. एका दिवसात चोवीस माणसं रांगेतून कुठं गेली, ते तुझ्या मैत्रीला विचार.

परवा पायरीवरून थोडा पाय घसरला. विशेष काही नाही, सूज उतरतेय.

तुझी,
अक्का

*

भोसरी,
ता. २१ एप्रिल २०२२

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पायाची सूज अजून उतरली नाही, हे मला शेजारच्या दुर्गाबाईंनी फोनवर सांगितलं. तू सांगितलं नाहीस. असो, भांडायला तू समोर हवीस.

दाजींच्या नंबराला गाडी आली. मैत्रीनं गाडीचा नंबर काढून दिला, आणि पुढचं ऐक. ती गाडी कोंडाजीच्या माळावरच उभी आहे. चार महिने माझीच माणसं तिला दर आठवड्याला ढकलतायत. एकोणिसावी रांग, कडेची.

मी लगेच बघायला गेलो. कोंडाजी सावलीत बसला होता. कुठली गाडी म्हणून विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हातारा म्हणाला की ती व्हय, ती ठावं हाय आमाला, दुपारचं कुणीतरी साहेब येऊन बसतंय तिच्यात. मी म्हटलं, कुलूप आहे तिला. तर म्हणतो कसा, कुलपाचं आमाला काय ठावं न्हाई, पर मानूस शांत हाय, बिडी न्हाई तंबाखू न्हाई, समोर बगत बसतंय. कंपनीचा साहेब असंल म्हणून त्यानं कधी हटकलं नाही.

हे तुला लिहू नये असं जयमाला म्हणते. पण माझ्या कानांनी जे ऐकलं ते तुला नाही तर कुणाला सांगू? दुपारी उन्हात नऊशे गाड्यांचा पत्रा तापून टिकटिकतो, माळभर बारीक आवाज चालू असतो. त्याची आता सवय झालीय. पण चालून आलेलं इंजिन बंद केल्यावर थंड होताना वेगळं वाजतं. आधी भरभर, मग सावकाश, मग लांबून लांबून एक. पस्तीस वर्षं ऐकतोय, त्यात माझी चूक होत नाही. एकोणिसाव्या रांगेत ती गाडी तशी वाजत होती. चिप नसलेली, एकदाही सुरू न झालेली गाडी. मी तिथं उभा राहून शेवटची टिक ऐकली. नंतर पाठ फिरवून चालायला लागलो, आणि अक्का, खरं सांगतो, रस्त्यापर्यंत मागं बघायची छाती झाली नाही.

कंपनीला चिपा आल्यात म्हणे. जूनमध्ये गाडी हातात येईल. कागद तुझ्या नावावर करून घेतले, गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी होत नाही. मी स्वतः चालवत आणीन.

तोवर अंगणात एकटी उतरू नये, एवढा लोभ माझ्यावर करावा.

तुझा,
नंदू

*

भूम,
ता. २७ जून २०२२

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

तू गाडी दारात लावून गेलास त्याला आज आठवडा झाला. चाकाखाली ठेवलेली लिंबं अजून अंगणात आहेत. गावातलं माणूसन् माणूस बघून गेलं. रंग अगदी यांना हवा तसाच, त्याबद्दल शाबास.

तू जाताना रागावून गेलास, ते मला कळलं. पण माझीही बाजू ऐक. तू मोठ्या तोंडानं म्हणालास, किल्ली एकच मिळते आहे, किल्लीतसुद्धा चिप असते आणि तिचा तुटवडा आहे, दुसरी मागून येईल. म्हणजे गाडी अर्धीच आली. या घराला पहिलं कुलूप लावलं त्या दिवसापासून एक किल्ली यांच्याकडं आणि एक माझ्याकडं. दोघं एकाच दाराबाहेर कधी ताटकळलो नाही. आता मी घर बंद करून, गाडी घेऊन रावेतला निघून गेले आणि हे आले, तर? त्यांच्या हातात किल्ली नको? तुला हे वेडेपणाचं वाटतं. जयमालालाही वाटतं, तिच्या डोळ्यांत दिसलं. मला ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं.

खरं म्हणजे तेही आता तितकंसं नाही. डाव्या डोळ्यापुढं जाळं येतं. काल दूध उतू जाऊन गॅस विझला होता, वासानं कळलं. हे तुला कळवते आहे, म्हणजे तू लपवाछपवीचं नाव काढणार नाहीस.

दुसरी किल्ली आण. मग येते.

तुझी,
अक्का

*

भूम,
ता. २४ ऑगस्ट २०२२

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

आज जरा सावकाशीनं लिहिते.

गेल्या बुधवारी यांच्या मोबाइलवर मेसेज आला. आपली दुसरी किल्ली आपण स्वतः स्वीकारलीत, धन्यवाद. खाली पावतीचा फोटो, आणि त्यावर यांची सही. मी भिंग घेऊन किती वेळ बघत बसले. द चं पोट तसंच, खालची रेघ तशीच, शेवटचं टिंब तसंच जोरानं टेकलेलं. मोबाइल घेऊन मी दार उघडून अंगणात उभी राहिले, दुपार कलेपर्यंत.

आणि उभ्या उभ्या मला आठवलं. आमच्याकडं शिकायला होतास तेव्हा नापास झालेल्या प्रगतिपुस्तकावर यांची सही ठोकून द्यायचास. हे त्याच शाळेत मास्तर, तरी वर्षभर शाळेला पत्ता लागला नाही. शेवटी यांनी स्वतःच पकडलं आणि तुला मारायचं सोडून सगळ्या गल्लीला दाखवत हिंडले की बघा, माझ्यापेक्षा माझी सही हा चांगली करतो.

मोठ्यांदा रागावले तुझ्यावर. एकटीच होते, बरं झालं. मग राग ओसरला आणि पायरीवर बसून रडले. वर्षभरात पहिल्यांदा. नंदू, तुला त्यांची सही करावी लागली, म्हणजे करायला ते नाहीत. सगळ्यांनी सांगून जे पटलं नाही ते तुझ्या खोट्या सहीनं पटलं.

श्राद्ध शनिवारी तिथीला झालं. भटजींना उशिरा निरोप गेला तरी बिचारे आले. खीर चांगली झाली होती. रात्री मी सलग झोपले, सकाळी उन्हं अंगावर आली तेव्हा जाग आली. किती महिन्यांनी ते आता आठवत नाही.

दुसरी किल्ली तुझ्याकडंच राहू दे. येऊन मला घेऊन जा. आणि यापुढं सौ. लिहू नको.

घर आवरायला घेतलंय. वाट बघते.

तुझी,
अक्का

*

रावेत,
ता. २० सप्टेंबर २०२२

ती. दाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कुठं टाकावं कळेना, म्हणून शोरूमच्या पत्त्यावर पाठवतोय. तुमच्याकडं पोचतं ते त्यांच्याकडूनच.

अक्काला इथं येऊन तीन आठवडे झाले. पायाची सूज उतरली. साखर ताब्यात आहे. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. जयमालाशी रोज स्वयंपाकावरून वाद घालते, म्हणजे तब्येत सुधारते आहे. दुपारी जेवून झोपते ती चारपर्यंत हलत नाही. तुम्हाला काळजी असेल म्हणून आधी हे लिहिलं.

दाजी, सही मी केलेली नाही. ती दुसरी किल्ली माझ्याकडं नाही. अक्काचं पत्र वाचून मी सरळ शोरूम गाठलं. मैत्रीनं पावती काढून दाखवली. ते सर आले, उभ्या उभ्या पावती नीट वाचली, सही केली, किल्ली खिशात टाकली आणि जाताना विचारलं की रावेतला भोसरीवरून जावं की तळवड्यावरून, गर्दी कुठं कमी असते. ती म्हणाली, दोन्हीकडं सारखीच आहे, सर. तुम्ही हसलात म्हणे. पोरगी आता काउंटरवर बसत नाही, मागच्या खोलीत काम बदलून घेतलंय तिनं.

अक्कानं भेटल्यावर मला काही विचारलं नाही. माझा उजवा पंजा हातात घेतला आणि म्हणाली, सही अजून विसरला नाहीस. मी मान हलवली. आयुष्यात तिला खोटं सांगितलं ते बहुतेक सगळं तुमच्याच सहीबद्दल. हे शेवटचं, आणि ते मला मरेपर्यंत सांभाळायचं आहे.

आता तुम्हाला पत्र का, ते लिहितो. गाडी इथं खाली पार्किंगमध्ये असते. दुपारी अक्का झोपली की घरात इतकं शांत होतं की मला खालचंही ऐकू येतं. पहिल्या दिवशी कुलूप उघडल्याचं दोनदा टुक् टुक् झालं. माझी किल्ली माझ्या खिशात होती. परवा दार उघडून मिटल्याचा आवाज आला, हळू, जसं तुम्ही वर्गाचं दार लावायचात. आज लिफ्ट सुरू झाली. आमच्या मजल्यावर थांबली. दार उघडलं आणि कुणी बाहेर आलं नाही. म्हणजे मला कुणी दिसलं नाही. मी जिन्यात उभा होतो, आणि कुणीतरी दोनदा खाकरलं, उत्तर विचारायच्या आधी तुम्ही खाकरायचात तसं.

तुमचा माझ्यावर राग नाही हे मला ठाऊक आहे. मी शब्द दिला, पुरा केला, तुम्ही तुमची वस्तू नेलीत. किल्ली परत मागत नाही. गाडी तुमचीच आहे, दुपारी हवी तेवढी फिरवा, तेल मी भरून ठेवीन, कुणाला सांगणार नाही. पण लिफ्टमध्ये पाय ठेवू नका. तिला ऐकू येत नाही, पण दिसतं, आणि ऑपरेशननंतर चांगलं दिसायला लागेल. किती तरी काळानं तिला धड झोप लागते आहे, दाजी. तुम्ही दारात दिसलात तर ती उठून चप्पल घालील. मी तिला थांबवू शकणार नाही, आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे.

मुलांना तुमची आठवण येते. उत्तर पाठवू नये. लोभ होता तेवढाच असू द्यावा. आता वाढवू नये, ही हात जोडून विनंती.

आपला,
नंदकिशोर